मिठाच्या पाण्याची फरशी

१

डॉ. विरूपाक्ष हलकुडे यांचा दिवस हल्ली रागानेच उजाडायचा. चूळ भरून, कपाळाला विभूती लावून ते हॉलमध्ये यायचे, तेव्हा कोपऱ्यातला काचेचा टँक आपोआप निळा व्हायला लागलेला असायचा. बटण त्यांनी दाबलेलं नसे. तो दिवा पुण्यातून, त्यांच्या मुलाच्या मोबाइलवरून चालायचा. आधी गर्द निळा, मग फिका, दुपारी दुधासारखा पांढरा आणि संध्याकाळी उलट्या क्रमाने पुन्हा निळा. लातुरात, औसा रोडवरच्या आपल्याच घरात, आपल्याच हॉलमध्ये उजेड कधी पडावा हे पुण्यात बसलेल्या रुद्रेशने ठरवायचं, याची सरांना रोज नव्याने चीड येई.

"नवा फ्लॅट मिळेपर्यंत ठेवा फक्त, अप्पा," असं म्हणून रुद्रेशने टँक आणून बसवला होता. "तुम्ही झूलॉजीचे प्रोफेसर. तुमच्याएवढं कोण सांभाळणार?"

त्यानंतर फ्लॅट मिळाला, लेकरू झालं. टँक इथेच राहिला.

आत खडक होते, दोन नारिंगी मासे होते, आणि त्या माशांचं घर असलेलं ते समुद्रफूल. या नावाचाही सरांना राग होता. फूल कसलं? प्राणी आहे तो. त्याला तोंड आहे, पोट आहे, डंख आहे. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात हा प्राणी शिकवला, पण फॉर्मलिनच्या बरणीतला. शिजलेल्या कांद्यासारखा, आक्रसलेला. जिवंत पाहिला तो निवृत्त झाल्यावर, स्वतःच्या हॉलमध्ये. तळाशी मांसल पाय, वर बोटांसारखे शेकडो हात, टोकं फुगलेली, हिरवट तपकिरी. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस सर खुर्ची टाकून त्याच्यासमोर लहान पोरासारखे बसून राहिले होते. पुढे त्याचीही त्यांना लाज वाटली.

रुद्रेशचे आवाजी निरोप येतच असत. "अप्पा, लाइट एकदम वाढवायचा नाही, ते भाजतं. कमी पडला तर पांढरं पडतं. अंगातलं शेवाळ उजेडावर जगतं ना त्याचं." जणू हे सरांना ठाऊक नव्हतं! "कोळंबीचा तुकडा चिमट्यानं द्या. पाणी दर आठवड्याला थोडं बदला."

पाणी बदलण्यावरूनच पहिली ठिणगी पडली. खाऱ्या पाण्याची बादली घेऊन सर मोरीकडे निघाले होते. त्यांच्या पत्नी महानंदाबाई दारात आडव्या झाल्या.

"कुठं चाललात बादली घेऊन?"

"मोरीत ओततो."

"मोरीत? ज्या गावाला रेल्वेनं पाणी आलं, तिथं भरली बादली मोरीत ओतून राहिलेत तुम्ही? प्रोफेसर म्हणे!"

"अगं, खारं आहे ते. झाडाला घातलं तर कढीपत्ता जळेल."

"झाडाला कोण घाला म्हणतंय? फरशी पुसायला ठेवा. अमावस्येला मी खडेमीठ टाकून पुसतेच की. घराची नजर उतरते. इथं तर मीठ आयतंच पडलेलं हाय."

सर हसले. एक तर पाणी वाचत होतं. दुसरं म्हणजे, बायकोच्या नजर उतरवण्यावर हसण्यात त्यांना जन्मभर सुख मिळत आलं होतं. त्यांनी बादली खाली ठेवली. तेव्हापासून दर आठवड्याला कामवाल्या गुणाबाई त्या पाण्याने स्वयंपाकघर सोडून सगळं घर पुसू लागल्या.

२

आधी चिकटपणा आला.

चहाचा कप घेऊन सर अनवाणी खिडकीकडे निघाले, तेव्हा प्रत्येक पाऊल उचलताना तळव्याखाली बारीकसा आवाज झाला. चप. जणू फरशी पाऊल सोडायला राजी नव्हती. त्यांनी खाली पाहिलं. जुनी शहाबादी फरशी, तिच्या सिमेंटने भरलेल्या सांध्यांसकट, स्वच्छ होती. कोरडीही दिसत होती.

"मीठ राहतंय फरशीवर," ते ओरडले. "ओलावा धरतं ते. साध्या पाण्यानं पुसा वरून!"

"मग दोन बादल्या लागतील," आतून उत्तर आलं. "मग वाचलं काय?"

नंतर तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी पावलांना सुई टोचून पाहिली आणि म्हणाले, "शुगर, सर. नसांवर परिणाम होतो. आपण चिकट गादीवर चालतोय असं वाटतं." सर निश्चिंत झाले. आजाराला नाव मिळालं की निम्मा बरा होतो, असं ते मुलांना सांगत असत.

पण गुणाबाईंना शुगर नव्हती. त्यांनी एका सकाळी पदर खोचायचा सोडून दारातच हात जोडले. "बाई, मी आता येणार न्हाई. तळपाय नुसते जळजळ करून राहिलेत. पोचारा मारताना फडकं धरून ठेवतंय कुणीतरी, असं वाटतंय."

"कुणीतरी म्हणजे कोण गं?" महानंदाबाई चिडल्या. "सरळ सांग की, दुसरीकडं काम लागलं म्हणून!"

"लागू द्या न्हाईतर न लागू द्या. माझे पाय मला पाह्यजेत."

त्या गेल्या. मग महानंदाबाई काठीचा पोचा आणून, पायात चपला घालून स्वतःच पुसू लागल्या, आणि वर कौतुक सांगू लागल्या: "कुणी काही म्हणा, गुण आला बघा पाण्याला. एक झुरळ दिसतंय का घरात? मुंगी न्हाई. पालीसुद्धा गेल्या. गुळाची ढेप उघडी ठेवली तरी मुंगी लागंना."

सरांनी ढेपेकडे पाहिलं. खरंच, एकही मुंगी नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडावर, लातुरात, उघड्या गुळाला.

त्याच दुपारी त्यांनी चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून समुद्रफुलापुढे नेला. फुलाने हात पसरले, तुकड्याला स्पर्श केला आणि सोडून दिला. तुकडा गटांगळ्या खात तळाशी गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. उपाशी प्राणी आक्रसतो, फिका पडतो. हा मात्र टच्च भरला होता. त्याची कातडी जेवून उठलेल्या माणसाच्या ओठांसारखी तुकतुकीत दिसत होती.

हा कुठे जेवतोय, असा प्रश्न सरांच्या मनात आला, आणि असा मूर्ख प्रश्न मनात आल्याबद्दल त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

३

उजेडाबरोबर होणारा आवाज त्यांनी एका सकाळी ऐकला.

पंखा बंद होता. वीज नुकतीच येऊन-जाऊन स्थिरावली होती. टँक काळा होता आणि सर खुर्चीत बसून पेपर उघडत होते. मग कोपऱ्यात निळं झिरपायला लागलं आणि समुद्रफूल हळूहळू उमलू लागलं. त्याच वेळी दिवाणाखालून आवाज आला. खूप बारीक. ओले ओठ एकमेकांपासून सुटावेत तसा. मग शोकेसखालून. मग मागच्या खोलीतून, जिथे टँकचा उजेड पोचतही नव्हता. सगळं घर काहीतरी बोलायला तोंड उघडतंय आणि बोलत मात्र नाही, असं वाटलं.

सरांनी भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं. टँक काळा झाला. फूल मिटलं. आणि घरभर तोच आवाज पुन्हा झाला, उलटा. मिटण्याचा.

त्यांनी बटण चालू केलं. बंद केलं. चालू केलं.

"काय पोरखेळ लावलाय?" महानंदाबाई बाहेर आल्या.

"ऐकू येतंय का तुला?"

"मला तुमचं बटण ऐकू येतंय."

सर खुर्चीत बसले. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी नापास केलं असतं. कान सत्त्याहत्तर वर्षांचे. डोळ्यांत बसवलेली भिंगं. पायांच्या नसा गेलेल्या. अशा उपकरणांनी घेतलेली नोंद कुठला परीक्षक मान्य करील? शिवाय समुद्री जीव हवेत वाळतो, गोड्या पाण्यात फुटतो. फरशीवर तो जगूच शकत नाही. हे पुस्तकात आहे. हे त्यांनी स्वतः शिकवलं आहे.

तरी त्यांनी रुद्रेशला फोन लावला.

"हा टँक घेऊन जा. आजच्या आज. तोवर दिवा बंद ठेव."

"अप्पा, लाइट बंद ठेवला तर मरेल ते."

"मरू दे!"

रुद्रेश समजावणीच्या, सरांना अजिबात न खपणाऱ्या आवाजात म्हणाला, "गोळ्या वेळेवर घेताय ना? आईला द्या फोन."

"माझ्याशी बोल! मी अजून मेलो नाही."

"खामखा चिडू नका अप्पा. आम्ही येतोच आहोत पुढच्या आठवड्यात. सृष्टीचं जावळ लातुरातच काढायचं ठरलंय. आणि ऐका ना, रांगायला लागलीय ती! घरभर फिरते. जमिनीवरून उचलूच देत नाही."

सरांच्या हातातला फोन जड झाला.

"येऊ नका," ते म्हणाले.

"काय?"

"तिला या घरात आणू नका. येऊ नका म्हणतोय ना मी!"

फोन महानंदाबाईंनी हिसकावून घेतला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. "नात पहिल्यांदा रांगत घरात येणार, आणि आजोबा म्हणतो येऊ नको! कुणाचं काळीज असं असतं?" सरांनी सांगण्याचा प्रयत्न केला. पण सांगायला शब्द असे होते की ते त्यांच्याच कानाला वेडगळ वाटत होते. फरशी उमलते. हे कसं म्हणायचं? त्यापेक्षा ओरडणं सोपं होतं. ते ओरडले.

४

दुसऱ्या दिवशी महानंदाबाई मठात गेल्या तेव्हा सर दिवाणाजवळ गुडघ्यांवर बसले. त्यांना पुरावा हवा होता. एकच, पण बिनतोड.

त्यांनी दारं-खिडक्या लावल्या, म्हणजे मांजराचा संशय नको. कोळंबीचा तुकडा दिवाणाखाली फरशीच्या सांध्यावर ठेवला. बॅटरी घ्यायला ते टेबलापर्यंत गेले आणि परत आले. तुकडा नव्हता. जागा ओलीही नव्हती.

त्यांनी बोट पुढे नेलं. सांध्याला टेकवलं. काही झालं नाही. बोट उचलताना मात्र जिभेने चाटावं तसं काहीतरी त्याच्याबरोबर वर आलं, क्षणभर ताणलं, सुटलं. बोटाच्या टोकाला सुया टोचाव्यात तशी आग झाली. बॅटरीच्या उजेडात सांध्याच्या चिरेतून काहीतरी पारदर्शक, तांदळाच्या दाण्याहून लहान, झटकन आत गेलं. गेलं? की भिंगांवरची चमक होती? त्यांनी श्वास रोखून वाट पाहिली. सांधा सांध्यासारखा होता.

आणि मग सरांचा तोल गेला.

रांगायला लागलीय. घरभर फिरते. ते वाक्य डोक्यात वाजत होतं. लेकराचे गुडघे, तळवे, गाल. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून मोठा स्क्रूड्रायव्हर काढला आणि दिवाण सरकवून सांधे खरवडायला सुरुवात केली. दात-ओठ खात, शिव्या देत. मुलाला, बायकोला, पाणी न देणाऱ्या गावाला, आणि त्या दिवशी बादली खाली ठेवताना हसलेल्या स्वतःला. सिमेंटचा भुगा उडत होता. हॉल झाला, मागची खोली झाली, देवघराचा उंबरा झाला. भुग्याबरोबर काहीतरी ओलसर, बुळबुळीतही निघत होतं असं त्यांना वाटलं आणि त्यांना भयंकर आनंद झाला. त्यांनी सगळा चुरा झाडूने गोळा केला, भरपूर पाणी ओतलं आणि घर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धुऊन काढलं. स्वयंपाकघरही धुतलं, जिथे ते पाणी आजवर कधी लागलंच नव्हतं. महानंदाबाई तिथे सोवळ्याने वेगळा पोचा वापरत.

घामाघूम होऊन ते भिंतीला टेकले. वर्षानुवर्षे बोललेलं एक वाक्य तेव्हा त्यांच्याच आवाजात त्यांना आठवलं. वर्गाच्या फळ्यासमोर उभं राहून, खडूने पायाची आकृती काढून म्हटलेलं.

याच्या पायाचा कपटासुद्धा मागे राहिला, तर त्यातून नवा प्राणी उभा राहतो. म्हणून मुलांनो, याला कापून मारता येत नाही. कापाल तितका वाढतो.

दर वर्षी या वाक्याखाली मुलं वहीत रेघ ओढायची.

सर तसेच बसून राहिले. घर वाळत होतं. स्वयंपाकघरातून, मिठाच्या बरणीखालून, पहिल्यांदाच तो बारीक आवाज आला.

५

पाहुणे यायच्या सकाळी सरांनी घरातल्या सगळ्या सतरंज्या, गाद्या, घोंगड्या हॉलभर अंथरल्या. टँकच्या दिव्याची वायर उपटून काढली, टँकवर चादर टाकली. अंधारात ते मिटलेलं राहतं. एवढा एकच भरवसा त्यांच्याकडे उरला होता.

महानंदाबाईंनी बाहेरून येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "लग्नघर केलंय का हे? वऱ्हाड झोपवायचंय इथं? एवढ्या धुळीत लेकरू ठेवणार तुम्ही?" सर कपडे बदलून येईपर्यंत निम्म्या गाद्या माळ्यावर गेल्या होत्या.

तेवढ्यात गाडी वाजली. रुद्रेश आला, त्याची बायको उज्वला आली, आणि तिच्या कडेवर सृष्टी, डोक्यावर पहिल्या केसांचं दाट जावळ, तोंडात मूठ. सरांनी चपला काढू न देताच उज्वलाकडून नातीला घेतलं.

"अरे वा, अप्पा!" उज्वला खूश झाली. "फोनवर येऊ नका म्हणत होतात!"

सरांनी नातीला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. चहा झाला, त्यांनी कप घेतला नाही. पोहे आले, हात मोकळा केला नाही. सृष्टी खाली उतरायला धडपडू लागली, पाय झाडू लागली, रडू लागली.

"द्या की खाली तिला," महानंदाबाई म्हणाल्या.

"नाही."

"अप्पा, ती कंटाळलीय."

"नाही म्हटलं ना!"

त्या आवाजाने लेकरू दचकलं आणि मोठ्याने रडायला लागलं. रुद्रेशचा चेहरा बदलला. त्याने पुढे होऊन मुलीला त्यांच्या हातातून काढून घेतलं. "बस झालं. काय चाललंय तुमचं? फोनवर आम्हाला येऊ नका म्हणता, आता लेकरावर ओरडता." त्याची नजर कोपऱ्याकडे गेली. "आणि हे काय? चादर? अप्पा, मारताय का तुम्ही त्याला?"

"रुद्रेश, वायर लावू नकोस. पाया पडतो तुझ्या."

बाप पाया पडायची भाषा करतोय हे ऐकून रुद्रेश क्षणभर थांबला. मग त्याने उज्वलाकडे पाहिलं. तिने हलकेच मान हलवली. आपण घरी यावर बोललो होतो ना, अशी. सरांना ती मान कळली. रागाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रुद्रेशने सृष्टीला सतरंजीवर ठेवलं, वायर लावली, चादर ओढली आणि मोबाइल काढला. "सृष्टू, बघ, आजोबांचं फूल! फुल्ल लाइट लावतो हं तुझ्यासाठी."

"हळूहळू वाढवायचा असतो, तूच सांगितलंस," सर म्हणाले. ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

हॉल निळा झाला. बाहेर ऊन रणरणत असताना, बंद पडद्यांआड, भिंती, चेहरे, पोह्यांच्या बशा, सगळं निळं. चादरीखाली आक्रसलेलं फूल एकदम उमललं. आणि घर उमललं. या वेळी तो आवाज बारीक नव्हता.

"पाऊस आला का हो?" महानंदाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या.

सृष्टीचं रडं थांबलं होतं. ती सतरंजीच्या काठापर्यंत रांगत गेली. मग एक हात फरशीवर. दुसरा. तिने तळवा उचलला. चप. तिने त्याच्याकडे नवलाने पाहिलं, पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. चप. ती खदखदून हसली. उज्वलाही हसली, तिने फोन वर धरून शूटिंग सुरू केलं. आवाजाने खूश होऊन लेकरू दिवाणाकडे निघालं, जिथे सांधे सगळ्यात खोल खरवडले होते.

सर खाली पडले नाहीत. पुढे सगळे तसंच म्हणाले असतील, पण ते पडले नाहीत. ते गुडघ्यांवर आले, मग पोटावर, आणि नातीच्या आणि दिवाणाच्या मध्ये आडवे झाले. गाल फरशीला, दोन्ही तळवे पसरलेले, सदरा वर सरकून उघडं पडलेलं पोट थंड शहाबादीवर.

तिथून, फरशीच्या पातळीवरून, त्यांना दिसलं. दिवाणाखालच्या निळ्या अंधारात प्रत्येक सांध्यावर बारीक हातांची एक उभी ओळ होती. शेतात कोवळं ज्वारीचं रान दिसतं तशी, काचेची. वारा नव्हता, तरी सगळी टोकं एकाच दिशेला वाकलेली होती. सरांच्या डोक्यावरून, पलीकडे, लेकराच्या हसण्याकडे.

"इकडे," सर दात आवळून म्हणाले. "हरामखोरांनो, इकडे."

एक टोक वळलं. मग त्याच्या शेजारचं. मग ओळच्या ओळ.

"अप्पा पडले!" उज्वला किंचाळली. फोन टाकून तिने आधी लेकराला उचललं. सृष्टीचे गुलाबी तळवे फरशीवरून सुटले, हवेत आले. सरांनी ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. लाल झालेले, पण सुटलेले.

"बाहेर ने तिला," ते म्हणाले. "अंगणात. उन्हात."

या वेळी कुणी वाद घातला नाही. उज्वला धावतच गेली. महानंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. रुद्रेश खाली बसला, त्याने वडिलांच्या काखेत हात घालून ओढलं. एकदा. मग जोर लावून. त्याचा आवाज पातळ झाला होता, लहानपणी जत्रेत चुकल्यावर व्हायचा तसा.

"अप्पा, उठा ना. अप्पा, असा हट्ट नका करू. सोडा ती फरशी."

कितीतरी दिवसांनी सरांच्या आवाजातला राग गेला होता.

"मी धरलेली नाही," ते म्हणाले.